भुऱ्याच्या कानांची तपासणी

चिंचदरी (पातूरजवळ)
८ जुलै १९६१

दादाले मनकर्णेचा नमस्कार.

तुहं पिल्लू धडपनं पोचलं. शालूचे बाबा त्याले टोपलीत घालून अकोल्याहून मोटारीत बसले, तं कंडक्टरनं इचारलं टोपलीत काय हाय. ह्यायनं सांगतलं, आंबे. पातूर येता येता आंबे भुंकाले लागले. मंग ह्यायले टोपली घेऊन टपावर बसा लागलं, अन् वरून पाऊस. घरी आले तवा दोघंबी सारखेच वल्ले होते अन् दोघंबी सारखेच भुकेजले होते.

कुतरं काहून मांगतलं ते तुले ठाऊक हाय. गेल्या हिवाळ्यात आमचा जुना कुतरा मेला अन् त्याच्या मांगं लांडग्यायनं अकरा कोकरं नेली. तवापासून मामाजी नवं पिल्लू शोधून राह्यले होते. "माह्या भावाजवय हाय" असं मीच बोलून बसली. आता हे माह्या माहेरचं कुतरं झालं. चांगलं निंघालं तं कुतऱ्याचं नाव, वाईट निंघालं तं माहं. दिवाई झाली का मेंढरं पूर्नेच्या खोऱ्यात उतरतीन. पैल्या हिवाळ्यात जे पिल्लू कळपासंगं गेलं नाई ते पुढं काई कामाचं राह्यत नाई, चुलीजवयच लोयते. चार मयन्यात हे तयार झालं पाह्यजे, नाई तं मले तोंड दाखवाले जागा नाई.

इथचा कायदा कडक हाय. पिल्लू कोकरायच्या वाड्यात निजते, मेंढीचं दूध पेते. घरातल्या कोनी त्याले हात लावाचा नाई, हाक माराची नाई, भाकरीचा तुकडा टाकाचा नाई. फक्त मामाजीयनं. एकाच मानसाचा हात अन् एकाच मानसाची शिटी. शालूनं काल नुसतं "यू यू" केलं तं बापाकडून पाठीत धपाटा खाल्ला.

मामाजीयनं त्याले उचललं, उलटं केलं, पोट पाह्यलं, दात पाह्यले अन् खाली ठेवलं. "भुऱ्या," म्हनले. झालं नाव. मी दाराआडून इचारलं, मामाजी, पसंत हाय ना? उत्तर नाई. सासूबाईले जाऊन दोन वर्स झाले, तवापासून त्यायचं जेवनखान सारं मीच करून राह्यली. डोक्यावर पदर घेऊन, भिताडाकडं तोंड करून, हळू आवाजात, जसं सुनेनं सासऱ्यासंगं बोलाव तसंच बोलतो मी त्यायच्यासंगं. पन ते एक सबद बोलत नाईत. तू मेंढरं सोडून दवाखान्यात बाटल्या धुवाले गेला, त्याचाच राग असन. माह्या लग्नातबी त्यायनं तुले चारचौघात तसंच म्हतलं होतं.

वयनीले नमस्कार सांगजो. पिल्लाची काई काळजी घ्याची असन तं लवकर कळवजो.

तुही बहीन
मनकर्णा


अमरावती
१७ जुलै १९६१

मनकर्णाबाईले देवमनचे आशीर्वाद.

आंबे भुंकल्याची गोष्ट मी दवाखान्यात सांगितली. आमचे अय्युबभाई ड्रेसर एका बैलाच्या खुराले पट्टी बांधून राहिले होते. ते इतके हसले की बैलानं पाय सोडवून घेतला अन् अर्धी पट्टी घेऊन फाटकाबाहेर गेला. त्याले धरायले आम्हाले इर्विन चौकापर्यंत जावं लागलं.

एक गोष्ट कायमची ध्यानात ठेव. मी बाटल्या धूत नाही. बाटल्या धुणारा माणूस वेगळा आहे. मी ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आहे, अन् ज्या दिवशी डाक्टरसाहेब दौऱ्यावर असतात त्या दिवशी अर्धा डाक्टर आहे. हे तुझ्या मामाजीले सांगू नको, पण तुले माहीत असू दे.

पिल्लाच्या रक्ताची चिंता करू नको. त्याची माय बडनेऱ्याजवळ उतरलेल्या एका धनगराची कुत्री. रानडुकरानं तिचं पोट फाडलं तरी ती कळप सोडून हटली नाही. तिले चौदा टाके मी घातले. म्हणजे टाके डाक्टरसाहेबांनी घातले, धागा मी दिला. त्या धनगरानं खूश होऊन सात पिल्लांतलं पाहिजे ते उचल म्हणून सांगितलं, अन् मी सगळ्यात गोंडस होतं ते उचललं.

आता तपासणी. तुले हात लावायची बंदी आहे, तर जानरावले सांग. (नाव मी घेतो, तू घेऊ नको.) पहिलं वजन करा, पंधरा दिवसांनी पुन्हा करा, वाढलं पाहिजे. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असल्या तर ठीक, पांढऱ्या असल्या तर अंगात रक्त नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं असलं तर जंत. पुडी सोबत पाठवून राहिलो, सकाळी रिकाम्या पोटी ताकातून द्या. डोळ्यांपुढं काडी फिरवा, दोन्ही डोळे काडीमागं फिरले पाहिजेत. मग त्याले चालवा अन् मागून पाहा. मागचे पाय झोकांड्या खात असले तर ते डोंगर चढणार नाही. कान हुंगा. घाण वास आला तर कळवा.

मामाजीच्या रागाचं मनावर घेऊ नको. जुनं खोड आहे. तुझ्या वहिनीचा, सुभद्रेचा, तुले नमस्कार.

देवमन


चिंचदरी
४ ऑगस्ट १९६१

दादाले नमस्कार.

तपासनी झाली. तेवढ्यापुरती मामाजीयनं शालूच्या बाबायले हात लावाची सूट देल्ली. वजनाले शालूचे बाबा पिल्लाले वाण्याच्या तराजूत बसवाले घेऊन गेले. वाण्यानं पैले काचकूच केली, मंग त्यालेच गंमत वाटाले लागली. भुऱ्या पारड्यात बसून वाण्याच्या गुळाकडं पाहून राह्यला होता. पंधरा दिवसानं पुन्हा नेला तं तो सोताच जाऊन पारड्यात बसला. वजन दीड शेरानं वाढलं. गूळ चाटला असन तं तेवढा कमी धरजो.

हिरड्या गुलाबी. डोये काडीमांगं फिरतात, काडी धरून चावतेबी. पुडी देल्ली तं शेवयासारखे जंत पडले, आता पोट बसलं. मांगचे पाय सरळ. कानाचा वास शालूच्या बाबायनं घेतला, म्हने कुतऱ्याचाच येते.

मामाजी हे सारं खाटेवर बसून पाह्यत होते. शेवटी म्हनले, "सोयरीक जमवून राह्यले काय रे?" मले हासू आलं, पन पदरात तोंड घातलं.

आता ते रोज सकाय भुऱ्याले घेऊन नाल्याच्या पल्याड जातात. एकटेच. शिकवताना कोनी पाहाचं नाई, अशी रीत हाय. कोनी पाह्यलं तं कुतरं दोन धनी करते म्हनतात. मी इथून दुरून पाह्यतो तं हातात काठी, खांद्यावर घोंगडं अन् मांगं भुऱ्या, एवढंच दिसते. भुऱ्या असा तुरुतुरु चालते का मले माहेरचं मानूस चाललं असं वाटते.

मनकर्णा


चिंचदरी
१२ सप्टेंबर १९६१

दादा,

बैलायचा पोया झाला अन् घरात सुतक पडल्यासारखं झालं. मामाजी म्हनतात भुऱ्या बहिरा हाय.

मयना झाला म्हने ते त्याले शिटी शिकवून राह्यले. पुढं असला, डोयानं पाह्यत असला तं सारं करते. काठी डाव्या अंगाले केली का डावीकडं जाते, काठी खाली टेकवली का बसते. पन पाठ फिरली का संपलं. शिटीवर शिटी घातली तरी मान वयवत नाई. परवा तो नाल्यातनं सरळ एका खेकड्याच्या मांगं गेला अन् मामाजी शिट्या घालून घालून दमून बसले.

शालूच्या बाबायले ते म्हनले, "देल्लं बहिरं जनावर. बाटलीवाल्याले काय समजते." मी तथीच भाकरी थापत होती. मलेच आयकवलं ते.

मी म्हतलं, "मामाजी, अजून लहान हाय ते." माह्याकडं पाह्यलंबी नाई, उठून गेले.

आमाले कोनाले त्याले हाक मारून पाहाची सोय नाई. हाक मारली तं कायदा मोडते अन् नाई मारली तं कसं समजाव? मामाजी म्हनतात, दिवाईच्या आत सुधरलं नाई तं वीटभट्टीवाल्याले देऊन टाकू, तथी राखन करन. दादा, खरं सांग, तू पिल्लू उचललं तवा कान पाह्यले होते काय?

मनकर्णा


अमरावती
२० सप्टेंबर १९६१

मनकर्णाबाई,

नव्हते पाहिले. डोळे पाहिले, पाय पाहिले, दात पाहिले, पण कान राहिले. गोंडस दिसलं म्हणून उचललं, हे तर मी तुले आधीच लिहून बसलो आहे. सहा वर्षं झाली या खात्यात अन् बहिणीले पिल्लू देताना टाळी वाजवून पाहायची मले बुद्धी झाली नाही. तू मामाजीपुढं मान खाली घालून बसली असशील हे मले इथून दिसून राहिलं. जेवण गोड लागत नाही.

डाक्टरसाहेबांले विचारलं. ते म्हणाले, पांढऱ्या अन् भुऱ्या रंगाच्या पिल्लांत एखादं जन्माचं बहिरं निघतं, त्याच्यावर औषध नाही. पण पक्कं तपासल्याशिवाय बहिरं म्हणू नये.

पाच ऑक्टोबरले अकोल्यात ढोरांचं प्रदर्शन आहे, मी अन् अय्युबभाई डाक्टरसाहेबांसोबत सरकारी तंबूत राहू. जानरावले सांग, भुऱ्याले घेऊन ये. अन् ह्या वेळी टोपलीत आंबे आहेत म्हणू नको म्हणावं, हंगाम नाही.

देवमन


अमरावती
७ ऑक्टोबर १९६१

मनकर्णे,

जानरावनं तोंडी सांगितलंच असेल, पण तो चार शब्दांच्या वर बोलत नाही म्हणून सगळं लिहून राहिलो.

बहिरं कुत्रं लबाड असतं. त्याले आवाज येत नाही, पण सावली दिसते, जमिनीचा हादरा समजतो, अंगाले वारा लागतो, अन् आपण समजतो की ऐकलं. म्हणून आम्ही भुऱ्याले सरकीच्या पोत्यांच्या थप्पीवर बसवलं अन् त्याच्या डोळ्यांवर अय्युबभाईंचं उपरणं बांधलं. मी दहा पावलं मागं गेलो अन् टाळी वाजवली. कान फिरला. चमच्यानं चिनीमातीचं भांडं वाजवलं, कान फिरला. डावीकडून किल्ल्या वाजवल्या, डावा कान. उजवीकडून वाजवल्या, उजवा. जानरावले म्हटलं शिटी घाल, तर तो म्हणे बाप मारते. म्हणून मीच बोटं तोंडात घालून शिटी घातली, तर भुऱ्या पोत्यांवरून आंधळाच खाली उडी मारून माझ्या अंगावर आला.

तरी डाक्टरसाहेब म्हणाले, पुन्हा पाहा. तेवढ्यात तंबूच्या पलीकडं अय्युबभाईंनी जेवणाचा डबा उघडला. खुर्शीदबी भाभींनी खिमा अन् रोट्या दिल्या होत्या. डब्याचं झाकण वाजलं मात्र, भुऱ्या उपरण्यासकट कनातीखालून पलीकडं. अय्युबभाई त्या दिवशी माझ्या पिठलं-भाकरीत जेवले. जाताना म्हणाले, "इस के कान तो पटवारी से तेज हैं."

तर बाई, पिल्लाचे कान शंभर नंबरी आहेत. मामाजीले सांग अन् मान वर कर.

देवमन


चिंचदरी
१६ ऑक्टोबर १९६१

दादा,

मान वर केली अन् वरूनच टोला बसला.

शालूच्या बाबायनं सांगतलं का कान चांगले हायत. मामाजीयनं दुसऱ्या दिवशी नाल्यात नेऊन पुन्हा शिट्या घातल्या. भुऱ्यानं वयून पाह्यलं नाई. तं आता मामाजी म्हनतात, "आयकू येते अन् येत नाई. म्हंजे मुजोर हाय. बहिरा असता तं माफ होतं. जथचं रक्त तथचं वळन."

बहिरेपना बरा होता दादा. मुजोरीवर औषध नाई तुह्या दवाखान्यात. वीटभट्टीवाला धनतेरसले पातूरच्या बाजारी येनार हाय, त्याले निरोपबी गेला. मले भुऱ्याचं वाईट वाटतेच, पन त्याहून वाईट हे वाटते का मामाजी तसे वाईट नाईत. काल लंगड्या कोकराले कडेवर घेऊन फिरत होते. जनावरायवर एवढी माया अन् मीच काय घोडं मारलं?

मनकर्णा


अमरावती
२० ऑक्टोबर १९६१

मनकर्णे,

ज्या कुत्र्यानं अकोल्यात माझ्या शिटीवर उडी मारली, ते चिंचदरीत मान वळवत नाही. कुत्रं तेच, कान तेच. मग बदललं काय? शिटी. मामाजी शिटी कशी घालतात ते तू आपल्या कानांनी कधी ऐकलं आहे काय? तू लिहितेस "शिट्या घातल्या", पण ते कोणाच्या तोंडून? त्यांच्याच.

रीत मोडायची नाही हे समजतं. पण तुले सरपण आणायले नाल्याकडं जावंच लागत असेल. एखाद्या सकाळी जरा पुढपर्यंत जा. काय दिसलं अन् काय ऐकू आलं ते कळव. काहीच ऐकू आलं नाही तर तेही कळव.

देवमन


चिंचदरी
२५ ऑक्टोबर १९६१

दादा,

गेली होती. पाप लागलं तं अर्धं तुले.

सरपनाचा भारा डोक्यावर ठेवून पयसाच्या झुडपामांगं उभी राह्यली. मामाजी वीस पावलावर होते. भुऱ्या पुढं वाळूत काईतरी उकरत होता. मामाजीयनं काठी बगलेत धरली, दोन बोटं तोंडात घातली, छाती फुगवली अन् जोर लावला. गाल फुगले, डोये लाल झाले.

अन् आवाज आला फुस्स. चुलीत फुकनीनं फुकल्यासारखा. दुसऱ्या खेपीलेबी फुस्स. तिसऱ्या खेपीले थोडा थुका उडाला.

मले असं हासू आलं का भारा पडता पडता राह्यला. मंग ध्यानात आलं. आखाजीच्या सनाले त्यायचे पुढचे दोन दात पडले. खालचे आधीच गेले होते. बिनदाताच्या तोंडातून नुसती हवा निंघून राह्यली. बिचारा भुऱ्या काय आयकन?

पन खरी गोष्ट पुढंच हाय. मामाजीले ते समजतच नव्हतं. ते दरवक्ती बोटं काढून वाट पाह्यत होते, जशी शिटी साऱ्या नाल्यात घुमली असन. मंग खाली बसले अन् म्हनले, "काहून रे आयकत नाई? तुह्यासाठी अजून किती जोर लावू? दिवाई आली, लेका." शिव्या नवत्या त्या. विनवनी होती. माहं हासू तथंच मेलं. मी मांगल्या पावली आली अन् चुलीपुढं बसून रडली.

शालूच्या बाबाले सांगतलं. ते म्हनले, बापाले हे तोंडावर कोन सांगन? साऱ्या पातूर तालुक्यात डोमाजीच्या शिटीचं नाव होतं. आता तूच काईतरी कर.

मनकर्णा


अमरावती
२९ ऑक्टोबर १९६१

मनकर्णे,

कान भुऱ्याचे गेले नाहीत, मामाजीचे गेले. दात गेले हे तर माणसाले आरशात दिसतं, पण कान गेले हे कशात दिसणार? हळूहळू जातात, अन् माणूस समजतो की जगच हळू बोलून राहिलं. डोंगरात जानराव त्यांच्याशी वरडूनच बोलतो, म्हणून त्याले कधी समजलं नाही. तू भिंतीकडं तोंड करून पदरातून बोलतेस. ह्याचा जरा विचार कर.

इथल्या बुधवारा बाजारातून पितळी शिटी आणली आहे. अय्युबभाईंनी दुकानात सात शिट्या वाजवून पाहिल्या, दुकानदारानं शेवटी हात जोडले. सोबत एक सरकारी कागद आहे तो जानरावनं मामाजीपुढं वाचावा. कागद मीच लिहिला. डाक्टरसाहेबांचा शिक्का कपाटात बंद होता, म्हणून हाताशी होता तो मारला. मामाजीले कुठं वाचता येतं? गोल अन् जांभळा दिसला म्हणजे झालं.

देवमन

(सोबतचा कागद)

विषय: भुऱ्या नामक श्वानाच्या श्रवणशक्तीबाबत.

वरील श्वानाची तपासणी करण्यात आली. त्यास सपाट प्रदेशात सर्व आवाज ऐकू येतात. तथापि डोंगरी हवेत तोंडाने घातलेली शीळ त्यास ऐकू येत नाही, केवळ पितळी शिटी ऐकू येते. हा दोष सर्वस्वी श्वानाचा आहे, धन्याचा नाही. तरी धन्याने दिवसातून तीन वेळा सोबतची शिटी वाजवावी व श्वानास सांभाळून घ्यावे.


चिंचदरी
५ नोव्हेंबर १९६१

दादा,

शिटी वाजली. ह्या खेपीले मले लपून जा लागलं नाई, घरातच आयकू आली. भुऱ्या नाल्याच्या पल्याडून असा धावत आला का मामाजीच्या पायात अडकून दोघंबी वाळूत बसले. तीन दिवसात तो शिटीवर थांबते, वयते, कळपाच्या मांगून चक्कर मारते. काल दोन मेंढ्या तुरीत घुसत होत्या, एका शिटीत त्यानं बाहेर काढल्या. वीटभट्टीवाल्याले दुसरा निरोप गेला का येऊ नको.

एवढं झालं, तं मामाजीयनं नाचाले पाह्यजे. पन पैल्या दिवशी शिटी वाजवली अन् ते सोताच दचकले. तवापासून गप हायत. कालपासून शालूच्या बाबासंगंबी बोलले नाईत. आज तुहा कागद घेऊन शाळेच्या गुरुजीकडं गेले.

तू लिवलं त्याचा इचार केला. पन मी मोठ्यानं बोलू कशी? सासऱ्यापुढं सुनेचा आवाज वट्ट्याच्या पल्याड गेला तं गाव काय म्हनन? अन् कान चांगले असले अन् राग खराच असला तं? मंग वरडूनबी उत्तर नाई आलं तं मी काय करू? त्याच्यापेक्षा हे बरं, दादा.

मनकर्णा


चिंचदरी
१४ नोव्हेंबर १९६१

देवमन पाव्हन्याले डोमाजीचा राम राम.

चिठ्ठी तुमची बहीनच लिवून राह्यली. मी सांगतो, ते लिवते. एकबी सबद सोडला तं मले समजन, असं तिले सांगून ठेवलं. समजनार नाई, पन धाक पाह्यजे. हेबी लिवलं काय? बरं, राहू दे.

तुमचा कागद गुरुजीनं वाचला. मजकूर ठीक होता. मंग मी म्हतलं, गुरुजी, शिक्क्यातबी काई लिवलं असन, तेबी वाचा. गुरुजीनं चश्मा पुसला अन् वाचलं, "बाहेरून लावण्याचे औषध, पोटात घेऊ नये." पाव्हने, साठ वर्स मेंढरं राखली. कुतऱ्याच्या कागदावर खरजेच्या मलमाचा शिक्का राह्यत नाई, एवढं मलेबी समजते.

पन शिक्क्याच्या आधीच समजलं होतं. शिटी वाजवली अन् मी दचकलो. कानात घुसली ना ते. तवा मनात म्हतलं, डोमाजी, अडीच मयने तोंडानं शिट्या घातल्या, त्यातली एकबी अशी तुह्या कानात आली नवती, अन् तू लेकरावानी पिल्लाले मुजोर म्हतलं, वीटभट्टीले धाडाले निंघाला. लाज वाटली. दोन दिवस त्याच्या डोयाले डोया देल्ला नाई. त्याले काई नाई त्याचं, त्यानं माहा जोडा खाल्ला.

मंग दुसरा इचार आला. कुतऱ्याची शिटी आयकू नाई आली, तं अजून काय काय आयकू आलं नसन? तुमची बहीन चुलीपुढं होती. म्हतलं, सूनबाई, तू माह्यासंगं बोलतं काय? तिचे ओठ हालले. मले काई नाई. म्हतलं, मोठ्यानं बोल, मी बहिरा हाय. ह्या तोंडातून तो सबद पैल्यांदा निंघाला. तं ते अशी बोलली का वाड्यातली मेंढरं उठून उभी झाली अन् शेजारची चतुराबाई काय झालं म्हून धावत आली.

म्हने, "मामाजी, भाकर थंडी होऊन राह्यली, जेवाले या." दोन वर्स झाले, रोज दोन्ही टाइमाले हेच म्हनते म्हने.

पाव्हने, दोन वर्स मी थंडी भाकर खाल्ली. म्हतारी गेली अन् सुनेनं गरम भाकर बंद केली, असं मी धरून बसलो होतो. सरकारी मानसाची बहीन, आपल्यासारख्यासंगं काहून बोलन? ताट ठेवते अन् मुक्यानं निंघून जाते. हे मी पारावर चौघायले सांगतलंबी होतं. काल त्या चौघायच्या घरी जाऊन, तुमच्या बहिनीवर खोटा आळ घेतला होता, असं सांगून आलो. तुमाले लग्नात बाटल्या धुनारा म्हतलं होतं तेबी वापस घेतो.

थांबली काहून? डोये पूस अन् लिव. अक्षर फिसकटलं तं पाव्हना म्हनन डोमाजीनं मारलं.

परवा सकाय निंघतो. भुऱ्या कळपासंगं चालला. जानराव म्हनते, बावा, तुमी औंदा घरीच राहा. राह्यलो असतो, आता भाकर गरम भेटते. पन शिटी माह्याजवय हाय अन् ते मी कोनाले देत नाई. लांडगा आला तं आयकाचं काम भुऱ्याचं, काठी माही.

गावात बाया म्हनून राह्यल्या का डोमाजीची सून सासऱ्यावर वरडते. म्हनू द्या. मी तिले सांगतलं, पदर डोक्यावर राहू दे, पन तोंड माह्याकडं कर.

झालं. सूनबाई, आता पैलेपासून सारं वाचून दाखव. मोठ्यानं.